दाजी, तो पाव रियाल

दाजी,

तुम्ही गेल्यापासून जो तो मला एकच सांगून राहिलाय, माणूस रिकाम्या हातानं येतो आणि रिकाम्या हातानं जातो. भेटायला आलेला प्रत्येक पाव्हणा भिंतीला टेकून हे म्हणतो, मान हलवतो आणि चहाचा कप उचलतो. मीही मान हलवतो. पण मला माहीत आहे, तुम्ही रिकामे गेला नाहीत. तुम्ही पाव रियाल घेऊन गेलात. माझ्या डोळ्यांदेखत, तोंडात धरून नेलात, आणि मी तुमचा एकुलता एक मेव्हणा उशाशी उभा, नुसता बघत राहिलो.

हे सांगायचं कुणाला? करंगळीच्या नखाएवढा चांदीचा तुकडा, त्यालाही मधे भोक पाडलेलं. मेक्सिको नावाच्या, आपण दोघांनीही कधी न बघितलेल्या देशात एकोणिसाव्या शतकात पाडलेलं नाणं. त्याच्यासाठी लातूरचा एक साठी उलटलेला चष्मेवाला आपल्या मेलेल्या दाजीवर जळतोय, असं म्हटलं तर लोक मलाच डॉक्टरकडं नेतील. म्हणून तुम्हालाच सांगतो. तुम्हाला यात नवीन काही नाही. तुम्ही जिवंत असतानाही मी जळतच होतो आणि तुम्हाला ते आवडायचं.

सुरुवात तुम्ही केलीत, हे आधी मान्य करा. आक्काच्या लग्नानंतरचा तो पहिला दिवाळसण. आपल्याकडं दिवाळसणाला जावयानं रुसायचं असतं. जावई रुसला नाही तर त्याला काही समजत नाही म्हणतात, आणि फार रुसला तर सासऱ्याचं दिवाळं निघतं. वडिलांनी मनातल्या मनात अंगठीची तयारी करून ठेवली होती आणि तेव्हापासून त्यांना जेवण जात नव्हतं. तुम्ही ताटावर बसलात, घासाला हात लावला नाहीत. आई म्हणाली, "जावईबापू, काय पाहिजे ते बोला." तुम्ही म्हणालात, "अंगठी नको. लक्ष्मीपुढं ठिवलेलं ते बारकं नाणं तेवढं द्या."

आदल्या दिवशी लक्ष्मीपूजनाला आईनं घरातली मोडकीतोडकी चांदी पाटावर मांडली होती. एक तुटकं पैंजण, वाळ्याचा अर्धा तुकडा आणि माझ्या लहानपणचा करगोटा. काळ्या दोऱ्यात ओवलेलं ते नाणं बिलोलीकडून, आईच्या माहेराहून आलेलं. कुठलं आहे ते तिलाही माहीत नव्हतं. बाळाच्या कमरेला चांदी लागली म्हणजे दृष्ट लागत नाही, एवढंच तिला ठाऊक. अंगठीचं संकट टळलं म्हणून वडील इतके खूश झाले की त्यांनी स्वतः कात्री आणून दोरा कापला. मी दारात उभा होतो, शाळेची चड्डी घालून. करगोटा माझा होता. मला कोणी विचारलं नाही.

दाजी, आधी तुम्ही आमची आक्का नेली. ते मी सोसलं, कारण ते सगळ्यांच्याच घरी होतं. पण करगोटा मी सोसला नाही.

पुढं तुम्हीच हैदराबादच्या कुणा जाणकाराला दाखवून शोध लावलात की हा मेक्सिकोचा पाव रियाल आहे, तिथल्या चांदीच्या नाण्यांत सगळ्यात बारका. एका अंगाला बाईचं डोकं, डावीकडं तोंड केलेलं, दुसऱ्या अंगाला पाव असा आकडा. ते ऐकून मला ताप यायचा बाकी होता. आमच्या घरात मेक्सिको होतं आणि ते माझ्या कमरेला होतं, हे मला तुमच्याकडून समजावं? त्या दिवसापासून मीही गोळा करायला लागलो. छंद म्हणून नाही. तुमच्यापेक्षा जास्त पाहिजेत म्हणून. लोक विचारतात तुम्हाला ही आवड कुठून लागली, तेव्हा मी इतिहास वगैरे सांगतो. खरं कारण तुम्ही होता.

तुम्ही गुरांचे डॉक्टर. बिलोली, देगलूर, किनवटकडचे बंजाऱ्यांचे तांडे, सगळीकडं तुमची फटफटी जायची. म्हशीच्या पोटात हात घालून वासरू सरळ करायचं आणि हात धुऊन झाले की गावातल्या सराफाकडं जाऊन मोडीचा डबा बघायचा. मोड म्हणजे वितळायला आलेली जुनी चांदी. त्यात बोटं फिरवता फिरवता तुमचं बोट थांबायचं, आणि निघायचा एखादा अर्धा रियाल. निवडुंगावर बसलेला गरुड, त्याच्या चोचीत साप, मागच्या बाजूला किरणं फाकलेली टोपी. मी लातूरला दुकानात बसून क्लासच्या पोरांना चष्म्याचे नंबर काढून द्यायचो. माझ्याकडं कुठून येणार अर्धा रियाल? मी बाहेरून मागवायचो, प्रदर्शनांना जायचो, घासाघीस करायचो. तुमच्याकडं ती चालत यायची. याचाही मला राग होता.

तांड्यावरच्या बायांच्या गळ्यात, ओढणीला नाण्यांच्या रांगा असायच्या. त्यातलं एखादं तुमच्या ओळखीचं निघायचं. मी म्हणायचो, विचारा ना, देतीलही. तुम्ही एकदा चिडून म्हणालात, "जित्या माणसाच्या अंगावरचं न्हाई घ्यायचं, सुधाकरराव. ती जवा मोडीत घालंल तवा बघू."

"अन् माझ्या कमरेचं घेतलं ते?"

"तुम्ही कुठं घालून राहिलते? चड्डीला नाडी आली व्हती तुमच्या."

आक्का हसली होती. मीही हसलो, पण जेवणभर ते वाक्य मला खात होतं. तुम्हाला असं एका वाक्यात माणसाला गप्प करता यायचं आणि मला त्याचं उत्तर दोन दिवसांनी, दुकान बंद करताना सुचायचं.

आपलं भांडण कशावरून नव्हतं? मला प्रत्येक टांकसाळीचं एक नाणं पाहिजे होतं. नाण्यावर कडेला जी बारीक अक्षरं असतात, त्यावरून समजतं की हे साकातेकासचं, हे दुरांगोचं, हे ग्वानाह्वातोचं. मला सगळी गावं पूर्ण करायची होती. तुम्हाला पूर्ण काही नको होतं. तुम्ही गुळगुळीत झालेली, अक्षर न वाचता येणारी नाणी जास्त जपायचात. मला वाटायचं चांगलं नाणं म्हणजे न झिजलेलं. तुम्ही अंगठ्यानं झीज चाचपायचात आणि म्हणायचात की हे लई हातांतून गेलंय. ही नाणी मराठवाड्यात आली कशी यावरही आपलं कधी जमलं नाही. मी म्हणायचो, मुंबईला जहाजातून वितळायला आलेल्या चांदीतली वितळायची राहून गेलेली. तुम्ही म्हणायचात की कोणीतरी बापानं पोरीच्या लग्नासाठी मुद्दाम उचलून आणलेली असणार. पुरावा काय, विचारलं की म्हणायचात, "पुरावा कामून लागतो? बाप व्हता तेवढं पुरं हाय."

एकदा मात्र मी जिंकलो होतो. ते तुम्ही विसरला असाल तर मुद्दाम आठवण देतो.

औशाजवळच्या आपल्या चुलत्याच्या शेतात वेळ अमावस्येला सगळे जमलो होतो. लातूरला त्या दिवशी कुत्रंही सापडत नाही, सगळं गाव शेतात. कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडलेले, मिसळीच्या भाज्यांच्या भज्जीचं पातेलं, ताकातल्या आंबिलीचं मडकं, बाजरीचे उंडे. मी जेवायच्या आधीच खिशातून दुरांगोचा अर्धा रियाल काढून तुमच्या हातावर ठेवला. सापाच्या अंगावरची खवलं मोजता येतील एवढा स्वच्छ. तुम्ही माझ्याच दुकानातलं भिंग काढलंत, उन्हात धरलंत, पुष्कळ वेळ बघितलंत. नंतर तुम्ही आंबील घेतली नाहीत. वेळ अमावस्येला आंबील न पिणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला आणि मला इतका आनंद झाला की मी तुमच्या वाटची पण प्यालो. हेवा तुमच्याही पोटात असतो हे मला त्या दिवशी समजलं. माझ्या आयुष्यातला तो उत्तम दिवस होता.

संध्याकाळी परत निघताना तुम्ही ते परत माझ्या हातात दिलंत. "नाणं लई चांगलंय," तुम्ही म्हणालात. "पण कोणाच्या अंगाला लागलेलं न्हाई हे."

झालं. मी ते नाणं अजूनही काढून बघतो आणि दर वेळी मला तुमचं हे वाक्य ऐकू येतं. तुम्ही माझं दुरांगो नासवलंत, दाजी.

पाव रियाल मी मागितला नाही असं नाही. त्याच्या बदल्यात मी दुरांगो देत होतो, वर साकातेकासची जोडी देत होतो. भोक पाडलेल्या नाण्याला जगात कोणी विचारत नाही. प्रदर्शनात कोणी फुकट घेतलं नसतं. बाजारात त्याची किंमत तेवढ्या चांदीची, आणि चांदी तरी केवढी, फुंकर मारली तर उडेल. पण मला तेच पाहिजे होतं, कारण ते माझं होतं. आणि तुम्हाला द्यायचं नव्हतं, कारण काय ते तुम्ही सांगायचा नाहीत. नुसते हसायचात. तुमचा तो हसरा नकार मला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागायचा.

त्या नाण्यावरची बाई कोण, यावर आपण किती तोंड वाजवलं. मी पुस्तकं वाचून सांगायचो की ही कोणी बाई नाही, ते स्वातंत्र्याचं चित्र आहे, देवीसारखं मनानं काढलेलं. तुम्ही ऐकायचा नाहीत. "मनानं न्हाई काढता येत सुधाकरराव. ठसा कोरणाऱ्यापुढं कोणतरी बसली असंल." असं म्हणून तुम्ही तिला पुन्हा भिंगाखाली घ्यायचात. ती अशी बघते, ती तशी वाटते, तिचा आंबाडा बघा, तिची मान बघा. नांदेडच्या तुमच्या ओसरीत आपण दोघं डोक्याला डोकं लावून त्या एका बाईबद्दल बोलत बसायचो आणि आक्का चहा ठेवून जायची. ती चहा ठेवून जायची एवढंच माझ्या लक्षात आहे. ती काय ऐकून जायची हे मी कधी बघितलं नाही. तुम्हीही नाही.

आक्काला त्या डब्याला हात लावायची बंदी होती. हे तुम्ही फार वाईट केलंत. एका दिवाळीला तिनं हौसेनं तुमची तीन-चार नाणी रांगोळीनं घासून लखलखीत करून लक्ष्मीपुढं मांडली. आपल्याकडं चांदी तशीच घासतात, आमच्या आईनं घासली, आजीनं घासली. तिला काय माहीत की त्या काळपटपणातच नाण्याचा जीव असतो आणि तो घालवला की नाणं मेलं. पाव रियाल तेव्हा तुमच्या शर्टाच्या खिशात होता म्हणून वाचला. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही फटफटी काढलीत आणि फराळ न करता बिलोलीला निघून गेलात. मी भाऊबीजेला आलो तेव्हा आक्का म्हणाली, "चांदी घासली तर एवढं, मी मेले तर काय करतील रे?" मी तुमची बाजू घेतली. मी तिला नाण्याची कळा कशी असते ते समजावून सांगत बसलो. मला तेव्हा वाटत होतं की चूक तिची आहे.

मग तुम्ही गेलात. अहमदपूर, लोहा असा रस्ता धरून मी आलो तेव्हा तुम्हाला बैठकीत उत्तरेला डोकं करून ठेवलं होतं. मी खूप रडलो, हे तुमच्या कानावर घालतो. माझं दुकान, माझे नंबर, माझ्या फ्रेमा, यापलीकडं माझ्या आयुष्यात जे काही आलं ते तुमच्यामुळं आलं. कोणी चष्मेवाला झोपेत ग्वानाह्वातो, चिवावा असली नावं घेत असेल का? मला तुम्ही घेऊन गेलात तिकडं. गाडीभाडं न घेता. तुमच्यावर जळता जळता मी चांगला शहाणा झालो, आणि हे मी तुम्हाला जिवंतपणी कधी सांगणार नव्हतो.

तुळशीचं पान झालं, गंगेचं पाणी एकेक जण घालत होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तोंडात सोनं नाही तर चांदी घाला गं, तसंच पाठवू नये." आक्का उठली. आत गेली. बाहेर आली तेव्हा तिची मूठ मिटलेली होती. ती खाली बसली, तुमचा जबडा हातानं थोडा खाली केला आणि काहीतरी आत ठेवलं. चांदी असेल तर चमकायला पाहिजे. ते चमकलं नाही. काळपट होतं. एक कड दिसली, आणि कडेजवळ भोक.

माझं रडू थांबलं, दाजी. अगदी नळ बंद केल्यासारखं. मला वाटलं, आक्कानं घाईत हाताला आलं ते उचललं. डब्यातलं सगळ्यात बारकं म्हणून उचललं. तिला काय माहीत. मी तुमच्या उशाशीच होतो. पाणी घालायची माझी पाळी होती. पेला तुमच्या ओठाला लावायचा, दोन बोटं आत घालायची आणि काढून घ्यायचं, कोणाला समजलं नसतं. माझी बोटं ओठापर्यंत आली होती. तुमचा चेहरा तसाच होता, नकार देताना असायचा तसा, हसरा. मी पाणी घातलं आणि बाजूला झालो. मृताच्या घरात 'ते माझ्या करगोट्याचं आहे' असं कसं म्हणायचं? आणि म्हटलं असतं तरी काकूंनी आधी मलाच बाहेर काढलं असतं.

गोदावरीच्या घाटावर तुम्हाला अग्नी दिला तेव्हा सगळे ज्वाळेकडं बघत होते, मी एका जागेकडं बघत होतो. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. मी पुढं झालो. भाच्याला म्हटलं, तू राहू दे, मी करतो. डोक्याकडची राख मी बोटांनी चाळली, एवढी एवढी करून, दुधाचं पाणी टाकून. चांदीचा गोळा झाला असेल, थेंब झाला असेल, काहीतरी राहिलं असेल. माझे हात कोपरापर्यंत पांढरे झाले. शेवटी भाचा येऊन माझ्या खांद्याला धरून म्हणाला, "मामा, पुरे आता. लई जीव होता तुमचा बाबांवर." पोरगं रडायला लागलं. मग मीही रडलो. कशासाठी रडत होतो ते मी आता सांगू शकत नाही, कारण हाताला नाणं लागलं नव्हतं, पण तुमची हाडं लागली होती. सगळं नदीत सोडलं. आता ती नदीपण माझ्यापेक्षा श्रीमंत झाली.

तेराव्याचं गोड जेवण झालं, पाव्हणे निघून गेले. माहेरची साडी आक्काच्या मांडीवर ठेवून मी तिच्यापाशी बसलो. मला राहवलं नाही. अगदी सांभाळून विचारलं, "आक्का, दाजींच्या तोंडात तू ठेवलंस ते कुठलं होतं, तुला माहीत हाय का?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं लहानपणी मी पडलो की बघायची.

"माहीत नसायला काय झालं? तुझ्या करगोट्याचं. तुझ्या कमरेला मीच बांधत होते की ते."

"मग दुसरं का नाही घेतलं? डबाभर होती."

"दुसरं घेऊन काय करू? तिलाच धाडायचं होतं." मग ती साडीची घडी उलगडायला लागली, उगाच. "जन्मभर भिंग लावून बघत बसले तिच्याकडं. उठल्यावर ती, जेवल्यावर ती. पोरं आजारी असताना ती. मला हात लावू दिला न्हाई कधी. म्हणलं, जा बाई, तूच जा संगं. माझ्या घरात नको आता."

दाजी, मला हसू आलं नाही. आयुष्यभर मी समजत होतो की त्या नाण्यापायी जळणारा या घरात मी एकटाच आहे. माझ्या पाठीमागं चहाचा ट्रे घेऊन माझी सख्खी बहीण जळत उभी होती आणि तिच्या मानानं माझा हेवा म्हणजे पोरखेळ होता. मी नाण्यासाठी जळत होतो. ती माणसासाठी जळत होती.

तिनं तुमचा डबा माझ्या हातात दिला. सगळं घेऊन जा म्हणाली. ज्याच्यासाठी मी एवढी वर्षं झुरलो ते सगळं एका पिशवीत आलं, न मागता. मी घेतलं. घरी आणून उघडलंही. तुमची झिजकी नाणी माझ्या चांगल्या नाण्यांशेजारी लावली, ज्यांची अक्षरं भिंगाखाली लागली त्यांनी माझी राहिलेली गावं भरली, आणि एकही टांकसाळ बाकी राहिली नाही. मला काहीच वाटलं नाही. दाखवायचं कुणाला? बायको म्हणाली, "आता तरी समाधान झालं का?" मी म्हटलं, झालं.

पण एक गोष्ट आक्काला माहीत नव्हती, आणि मी ती त्या दिवशी सांगितली नाही. तुम्ही पाव रियाल का देत नव्हतात ते. एकदाच तुमच्या तोंडून निसटलं होतं. आपण दोघंच होतो, तुमच्या फटफटीचं चाक पंक्चर झालं होतं देगलूरच्या रस्त्यावर, आणि मी पुन्हा मागितला होता. तुम्ही म्हणालात, "न्हाई देणार. तुमच्या घरी बघायला आलो तवा तुमची आक्का अशीच बसली व्हती. तोंड फिरवून. येवढा वेळ बसलो, पर एकच बाजू दिसली. लक्ष्मीपुढं हे नाणं दिसलं अन् म्हणलं, ही हितं कशी आली." मग स्वतःचीच लाज वाटून म्हणालात, "तिला सांगू नका. चढून बसंल डोक्यावर."

मी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगू नका म्हणालात म्हणून नाही. तुमचं एवढं एकच माझ्यापाशी होतं, जे आक्काकडं नव्हतं, पोरांकडं नव्हतं. पाव रियाल तुमच्याकडं, पण त्याचं कारण माझ्याकडं. ते मला कुणाला द्यायचं नव्हतं. तेराव्याला तिच्यासमोर बसलो असतानाही नव्हतं द्यायचं. तुमच्याकडूनच शिकलो मी हे.

परवा तिला माहेरी न्यायला आलो. रीत आहे म्हणून, आणि माझंही मन राहत नव्हतं म्हणून. गाडीत ती खिडकीपाशी बसली होती. लोह्याच्या पुढं सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं लागली. ती बाहेर बघत होती, मला तिचा एकच गाल दिसत होता, आणि माझ्याच्यानं धरून ठेवणं झालं नाही. मी गाडी बाजूला घेतली आणि सगळं सांगितलं. पंक्चर, रस्ता, बघायला आले तो दिवस, तोंड फिरवून बसलेली ती. म्हटलं, आक्का, ते भिंग लावून तुलाच बघत होते. मला वाटलं, आता ती रडेल, मोकळी होईल. मला वाटलं, मी केवढं देऊन राहिलोय तिला.

रस्त्यानं एक एसटी गेली. मग ती माझ्याकडं वळली.

"मी तर समोरच व्हते रे," ती म्हणाली. "मला बघायला भिंग बी लागत नव्हतं."

दाजी, मी तुमची बाजू घ्यायला तोंड उघडलं होतं. नेहमीसारखं. मग मिटलं आणि गाडी सुरू केली. तुमचा राग आता तिला माझ्यापेक्षा जास्त आहे, आणि या वेळी मी तिच्या बाजूनं आहे.